झाकणाच्या आतल्या बाजूला

बाबा, तो जुना राऊटर आज सकाळी खाली काढला. दोन शिंगं वर केलेला, निळा-काळा, आई ज्याला अजून 'तुह्या बाबाचा बैल' म्हणते तोच. त्याच्या जाळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. ते काढायला पेचकस घेऊन झाकण उघडलं आणि आत भलतंच काही निघालं. काय, ते सांगते. पण तुम्हीच शिकवलंत, आधी गिऱ्हाइकाची सगळी तक्रार ऐकायची, मगच आत काय आहे ते बोलायचं. तर माझी तक्रार आधी ऐका.

जाम गावच्या चौकातलं तुमचं दुकान माझ्या डोळ्यांसमोर जसंच्या तसं आहे. हैदराबादकडे निघालेले ट्रक समोर थांबतात, ड्रायव्हर मुका झालेला टेप काढून आणतात, आणि तुम्ही चष्मा कपाळावर ढकलून म्हणता, "पह्यले काय वाजत होतं ते सांग." बारा व्होल्टवर चालणारं काहीही तुमच्या हाताखालून गेलं की सुधारायचं. तुमच्या सोल्डरिंगच्या डागाला आणि वायरीच्या गाठीला तर नाव होतं. "उस्ताद, आपका जोड़ नहीं छूटता," असं एक सरदारजी दर खेपेला सांगून जायचा, आणि तुम्ही ऐकलंच नाही असं दाखवायचात. कानाच्या पाळ्या मात्र लाल व्हायच्या. दुरुस्त झालेला टेप एक अख्खी कॅसेटची बाजू वाजल्याशिवाय तुम्ही बंद करायचा नाहीत. मग झाकणाच्या आत पेन्सिलीनं काय बिघडलं, काय केलं ते लिहायचं आणि शेवटी 'सेट ओके'. एकदा मी शाळेतून आले आणि अर्धीच बाजू वाजलेल्या टेपवर हौसेनं 'सेट ओके' लिहून टाकलं. तुम्ही खोडरबर माझ्या हातात दिला. "न ऐकता लिवलं त थे खोटं झालं, बाई." एवढंच बोललात. मला अख्खा दिवस जेवण गेलं नाही.

पुढे टेप गेले, ट्रकमध्ये दुसरंच काही वाजू लागलं. मला नागपूरला नोकरी लागली आणि आमच्या ऑफिसनं टाकून दिलेला हा राऊटर मी घरी आणला. शनिवार-रविवार घरून काम करावं, तुमच्याजवळ राहावं, हा माझा बेत. पण दर दहा मिनिटांनी नेट तुटायचं. त्या मशीनच्या आतला प्रोग्राम जुना झाला होता आणि कंपनीनं हात वर केले होते. मी सांगितलं, बाबा, जगातल्या लोकांनी मिळून दुसरा प्रोग्राम लिहिलाय, फुकट, आणि आत काय केलंय ते कुणालाही वाचता येतं.

"म्हंजे झाकनात लिवून ठेवतेत म्हन नं," तुम्ही म्हणालात. "चांगले लोक हायेत. टाक मंग."

ऑफिसात मला हे समजावायला अर्धा तास लागायचा.

अडचण विजेची होती. नवीन प्रोग्राम चढत असताना मशीनचा करंट तुटला तर मशीन कामातून जातं, आणि आपल्याकडे भारनियमन घड्याळ बघून येत नसे. तुम्ही हसलात. अंगणात ट्रकची बॅटरी आणलीत, क्लिपा लावल्यात, वायरीच्या टोकाला राऊटरची पिन डाग देऊन बसवलीत, वरून दोऱ्याची गाठ मारलीत. "आता पुरा जिल्हा अंधारात गेला तरी हे चालते." मग राऊटर ठेवायला मिस्त्रीकडे फळी बघायला गेलात आणि मी बटण दाबलं.

दिवे लुकलुकले. मग एकेक करून सगळेच विझले. आज मला ठाऊक आहे की ते तसे विझतातच, तेव्हा नव्हतं. एक मिनिट, दोन मिनिटं. मला दम निघेना. मी वायर ओढली.

परत लावली तर एकच दिवा, तोही वेड्यासारखा उघडझाप करणारा. तेवढ्यात फाटक वाजलं, तुम्ही आत आलात, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, तुमचा जोड सुटला."

तुम्ही खाली बसलात. क्लिप हलवून पाहिलीत, गाठ पाहिलीत. बराच वेळ पाहिलीत. मग म्हणालात, "सुटला असन. आता उठवाचं कसं थे सांग."

उठवायचा एक उपाय होता. करंट मिळाल्यावर पहिले काही क्षण राऊटर दार किलकिलं करतो, तेवढ्यात फाईल आत ढकलायची. तुम्ही क्लिप लावायची, 'हं' म्हणायचं, मी लॅपटॉपवर बटण दाबायचं. दहा-बारा वेळा फसलं. मला रडू यायला लागलं आणि तुम्ही मात्र राऊटरसमोर पालथे पडून दिव्यांकडे बघत होतात.

"माह्या 'हं'कडे पाहू नको. मांगची बत्ती दोनदा लपकते, तवाच दाब. तू घाई करून राह्यली."

बत्ती दोनदा लपकली. मी दाबलं. फाईल गेली! पाच मिनिटांनी सगळे दिवे हिरवे झाले आणि मी अंगणात अशी ओरडले की शेजारची म्हातारी काठी घेऊन धावत आली, साप निघाला म्हणून. तुम्ही तिलाच मशीन दाखवलंत, "पोरीनं मेलेलं उठवलं!" मग जुना टेप काढलात, कॅसेट घातलीत आणि एक अख्खी बाजू वाजेपर्यंत राऊटरपुढे मांडी घालून बसलात. नेट एकदाही तुटलं नाही. "दे, धूळ काढून देतो," म्हणत राऊटर आत घेऊन गेलात. तितके आनंदी दिवस माझ्या आयुष्यात थोडकेच आले.

पण त्यानंतर महिनाभर तुम्ही चौकात ज्याला त्याला सांगत सुटलात, "माहा जोड सुटला होता, पोरीनं सांभाळून घेतलं." सरदारजीलासुद्धा! तो मानायलाच तयार नव्हता. मी शेजारी उभी होते आणि गप्प राहिले. तुम्ही कायमचे गेल्यावरही ते बोचत राहिलं.

आज झाकण उघडलं तर आत तुमचं अक्षर. 'जोड पक्का. वायर पोरीनं वढली. चालू बी तिनंच केला. सेट ओके.'

म्हणजे तुम्ही त्याच दिवशी ओळखलं होतंत, लबाड कुठले! मी आधी हसले, मग रडले, मग परत इतकी हसले की आई चहा घेऊन बघायला आली.

या बैलासाठी निघालेली बहुधा शेवटची फाईल आज चढवली. दिवे विझले तेव्हा माझा हात परत वायरीकडे गेला होता, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या हातानं धरून ठेवला. मग दिवे आपसूक लागले आणि मी हे लिहायला बसले. तुमच्या ओळीखाली पेन्सिलीनं लिहिलंय, 'वायर मीच ओढली होती, बाबा.' 'सेट ओके' अजून लिहिलेलं नाही. कॅसेटची एक बाजू पुरी व्हायला सात मिनिटं बाकी आहेत.