हरणीचं माहेर

रविवार संध्याकाळ, कारेगाव

डोकं अजून तापलेलं आहे. आमच्या कारवान जातीच्या शिकारी कुत्र्यांच्या क्लबची आज पहिली बैठक होती. जातीची नोंदणी करायला पुण्याहून आलेले साहेब म्हणाले, "लेखी पुरावा नाही, मग जात शुद्ध कशावरून? असं रजिस्टर चालायचं नाही."

हरणी कुत्रीचे मालक आबा शांतपणे म्हणाले, "साहेब, आमच्यात कुत्रीचं पयलं बाळंतपण तिच्या माहेरी, ती जल्मली त्या घरी करत्यात. नर कुणाचा व्हता, ते दोन्ही घरांना ठावं असतंय." मग हरणीपासून मागं सात आयांची माहेरं सांगितली, कुरकुंभपासून पार केडगावपर्यंत, कुठंही न अडखळता.

साहेब हसले.

ते हसणं काही डोक्यातून जात नाही. माझी दोन्ही पोरं माहेरीच झाली. तेव्हा कुणी पुरावा मागितला होता का?

साहेबांच्या छापील फॉर्मात माहेराला रकानाच नाही. नसू दे! घरी आल्याआल्या नवी वही काढली, पट्टीनं रकाने आखले. पहिलाच रकाना माहेराचा. पहिली नोंद हरणीची, माहेर कुरकुंभ.

सह्या करायला येत्या रविवारी आबांच्या आणि हरणीच्या माहेरच्या, दोन्ही घरांना बोलावलंय. साहेबांनाही फोन केला. हसायचंच असेल तर दोन्ही घरांसमोर हसा म्हणावं.