इब्राहीमभाईंची किटली

यान्बू (सौदी), शुक्रवार

ती. सुधाताईस,

शीलाचा नमस्कार. (साष्टांगच समज, गुडघे हल्ली तेवढं खाली जाऊ देत नाहीत.) तुझं बी.पी. काय म्हणतंय? भावजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, की अजून 'थंडी पडू दे' चाललंय? माझी तब्येत उत्तम, डोकं मात्र ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण तुझा लाडका भाचा जयदीप. माझा व्हिजिट व्हिसा महिनाअखेर संपतो. "आई, तिकीट काढू की व्हिसा वाढवू?" असं त्यानं भर जेवताना विचारलं. मी म्हटलं, "काढ तिकीट, मला इथे काय करायचंय!" यावर पोटच्या मुलानं काय म्हणायचं असतं? "छे गं, राहा की." हा म्हणाला, "ओके," आणि आमटी वाढून घेतली. रिफायनरी चालवतो म्हणे!

असो. तर जाण्याआधी आईला जेद्दा दाखवायचं ठरलं. तीन-साडेतीन तास नुसतं वाळवंट, की मग जुनं बंदर. पूर्वी हाजी बोटीतून इथेच उतरायचे. पोवळ्याच्या दगडांची उंच घरं, त्यांना नक्षीदार लाकडी जाळ्यांच्या गॅलऱ्या. सुंदर आहेत, खोटं कशाला बोलू. पण निम्म्या घरांना डागडुजीसाठी परांच्या बांधलेल्या, आणि ऊन असं की पापड नुसता दाखवला तरी भाजून निघेल. सूनबाई सोनल दर दाराशी "आई, जरा हसा ना" म्हणत फोटो काढत होती. (एकाही फोटोत मी हसलेली नाही. तत्त्व म्हणून.)

तू मागवलेल्या केशराचं ऐक. दुकानदारानं भाव सांगितला, मी तुळशीबागेच्या रीतीनं सरळ निम्मा केला आणि पाठ फिरवून चालू लागले. दोन-चार पावलांवर हाक येते, हा माझा जन्माचा अनुभव. हाक आलीही, पण मशिदीतून. वळून बघते तर शटर खाली. मी तिथेच पायरीवर बसले, कारण माघार घेणं रक्तात नाही, आणि पायही दुखत होते.

नमाज आटोपून शेजारचे दुकानदार परतले. इब्राहीमभाई, अत्तरं आणि जपमाळा विकतात, वय माझ्याहून जास्त, हाजींकडून शिकलेलं झकास हिंदी. आम्हा सगळ्यांना आत बसवून त्यांनी लांब चोचीच्या पितळी किटलीतून गहवा दिला. (गहवा म्हणजे वेलदोड्याची कॉफी; साखर आणि दूध कल्पनेनं घालायचं.) आता कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेसनं आपल्या डोक्यात काय बसवलंय? कोणाकडे गेलं की एका वस्तूची मनापासून स्तुती करावी. मी म्हटलं, "किटली बहुत सुंदर है." त्यांनी तत्काळ ती रिकामी केली, पुसली आणि माझ्यापुढे धरली, "आपकी हुई." सिस्टरचा दुसरा नियम आठवतो ना? भेट दोन्ही हातांनी, हसून, लगेच घ्यावी. घेतली.

गाडीत जयदीपचा स्फोट झाला. "आई, तीनदा नको म्हणायचं असतं! 'आपकी हुई' ही नुसती म्हणायची पद्धत आहे! आपण नाही का चपला घालणाऱ्या पाहुण्याला 'जेवूनच जा' म्हणत?" ताई, एसी चालू असून मला घाम फुटला. म्हणजे मी चपला काढून थेट पानावरच जाऊन बसले होते! त्यात रुचा (नात, हिचं सगळं इंग्रजीत) मागून म्हणते, "आजी, ही सेड इट वॉज हिज मदर्स." हे मला गाडी यान्बूच्या रस्त्याला लागल्यावर सांगतात.

परत द्यायची हे ठरलं. पण रिकामी? आपल्या आईनं शेजारची वाटीसुद्धा कधी रिकामी परत जाऊ दिली नाही. आधी चिवडा भरला, तो चोचीत अडकला. विणायच्या सुईनं काढावा लागला. मग शंकरपाळे भरले. जयदीपला दर आठवड्याला मीटिंगला जेद्दाला जावंच लागतं, तो देऊन आला. म्हणजे देऊन येणार होता. इब्राहीमभाईंच्या बायकोनं, सुरैयानं, शंकरपाळे काढून घेतले, खजूर भरलेली बिस्किटं घातली आणि "दी हुई चीज़ वापस नहीं लेते" म्हणून किटली परत पाठवली. बिस्किटं आम्ही खाल्ली, म्हणजे किटली रिकामी, म्हणजे पुन्हा आमची पाळी. पुढच्या खेपेला चिरोटे मोडून गेले, बदाम आले. "आई, आता खलास! मी इंजिनियर आहे, कुरियर नाही," इति जयदीप.

सुरैया हल्ली फोनवर शंकरपाळ्यांची कृती विचारते. माझं हिंदी ऐकून ती हसते, तिचं ऐकून मी. परवा म्हणाली, "फिर जेद्दा कब आओगी?" मी सांगितलं, महिनाअखेर चालले. तर म्हणाली, "नहीं, नहीं, नहीं." मोजून तीनदा. परक्या बाईला कळतं बघ!

असो, मी काही मनाला लावून घेत नाही. भावजींना नमस्कार, त्यांना ऑपरेशनला हाताला धरून ने.

तुझी,
शीला

ता.क. केशर मिळालं नाही. दुसऱ्या दुकानात होतं, पण प्रश्न तत्त्वाचा होता.

ता.क. २. किटली सध्या इथे आहे. रविवारी जयदीप भरून नेणार आणि "आई चालली, आता तुमच्याकडेच ठेवा" म्हणून सांगणार आहे. त्याआधी त्याला फोन कर. म्हणावं, भांड्याची देवाणघेवाण अर्धवट टाकून घरातल्या बाईनं समुद्र ओलांडू नये. असं शास्त्रात कुठेही नाही हे मला माहीत आहे. तू सांगितलंस की होईल. तुझं ऐकतो तो. मी सुचवलं हे कळू देऊ नकोस.

ता.क. ३. (रविवार. पत्राचे फोटो काढून पाठवायला रुचाला आज सवड झाली.) जयदीप सकाळी जेद्दाला गेला. विसरू नये म्हणून गाडीची किल्ली मी किटलीच्या चोचीलाच अडकवून ठेवली होती. किल्ली घेऊन गेला, किटली ठेवून गेला. शिवाय आतले निम्मे शंकरपाळे खाल्ले. आता तुझ्या फोनची गरज नाही. केलासच, तर मी फार वैतागलेय एवढंच सांग.