बाबांच्या नावाचं झाड

प्रिय पुरिंगताई,

तुझा हात कपाळाला लावतो. (इलोइलोहून कॅनडापर्यंत कपाळ पोचत नाही, पण रीत सोडवत नाही.) तुझे गुडघे, तिथली थंडी आणि तू ज्यांना न्हाऊमाखू घालतेस ते म्हातारबुवा, सगळं ठीक असावं. इथे मला सर्दी झाली आहे आणि क्लारिताला माझा राग आला आहे. दोन्हींचं मूळ एकच, ते म्हणजे बाबांना जाऊन वर्ष झालं म्हणून तू आम्हा नवराबायकोला जिथे धाडलंस ते बंदराकाठचं हिरवं हॉटेल. बाबा गेले तेव्हा तू त्या हॉटेलात त्यांच्या नावाने खारफुटीचं रोप लावायला सांगितलं होतंस. त्याच्याशेजारी दोन दिवस राहा आणि त्याचा फोटो पाठव, उशाशी ठेवायचा आहे, असं तू लिहिलंस. राहिलो. फोटो सोबत आहे. आता ऐक.

दारातच गार्डने क्लारिताचा डबा अडवला. आईस्क्रीमचा डबा, आत भात आणि सुकी मासळी. (हॉटेलात पोटभर मिळत नाही हे तिला कुणी न सांगता कळतं.) गार्ड म्हणाला, ‘‘काकी, एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक आत चालत नाही.’’ क्लारिता म्हणाली, ‘‘फेकायचं? बाबा रे, हा डबा माझ्या धाकटीच्या बाप्तिस्म्याचा आहे. ती आता दोन पोरांची आई आहे.’’ तरी डबा ठेवून घेतला आणि मासळी कागदी पिशवीत भरून दिली. लिफ्टमध्ये ती पिशवी खालून फाटली. सोबतच्या दोन गोऱ्या बायकांनी त्यानंतर आम्ही असताना लिफ्ट वापरली नाही, जिन्याने गेल्या. वीज वाचली.

खोलीत एसी होता, पण त्याला किती गार व्हायचं ते हॉटेलवाले ठरवत होते. खिडकीतून समुद्र, पलीकडे गिमारास बेट. न्हाणीघराला छप्पर नव्हतं. निसर्गाशी नातं जोडायला, असं खोली दाखवणाऱ्या पोरीने समजावलं. (आपल्या घराचं छप्पर गेल्या वादळात उडालं तेव्हा आमचंही निसर्गाशी नातं जुळलं होतं, पण त्याचं कुणी भाडं घेतलं नाही.) मी अंगाला साबण लावला आणि पाऊस आला. सर्दी ती. उशीवर एक चिठ्ठी होती, चादर रोज धुवायला टाकली नाहीत तर तुम्ही नदी वाचवता. आम्ही घरी महिना महिना नदी वाचवतो, आम्हाला कुणी चिठ्ठी लिहीत नाही.

साबणाचं दुःख तर विचारूच नकोस. हॉटेलातल्या छोट्या वड्या आणते म्हणून क्लारिता गल्लीतल्या सगळ्या बायकांना सांगून बसली होती. इथे साबण पातळ, बाटलीत, आणि बाटली भिंतीला स्क्रूने आवळलेली. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. बोटी बांधण्यात जन्म गेला माझा, पाना-पेचकस खिशात असतातच, पण मी नाही म्हणालो. राग तो. सकाळच्या खाण्याला तिने तीन पाव रुमालात बांधले, तर एक पोरगी धावत आली. म्हणे, उरलेलं बाहेर नेता येत नाही, ते गांडुळांच्या खड्ड्यात जातं. क्लारिता म्हणाली, ‘‘म्हणजे गांडुळाने खाल्लं तर पर्यावरण, आणि माझ्या नातवाने खाल्लं तर चोरी?’’ पोरीने हसून मान डोलावली. त्यांना हसायला शिकवलेलं असतं.

बाकी झाड उत्तम आहे. पानं दाट आहेत, नावाची पाटी स्वच्छ वाचता येते. फोटोत बघ आणि मन शांत ठेव.

तुझा भाऊ,
फेलिसिमो

ता. क. क्लारिताने पत्र वाचलं. मोठ्या बहिणीशी खोटं बोलणार असलास तर पाकिटाला तूच थुंकी लाव, मी हात लावणार नाही, असं म्हणाली. तर खरं सांगतो. हॉटेलच्या पुढच्या चिखलात रोपांच्या रांगा आहेत आणि तिथे खेकडेवाल्या इंपांगची एपिफानिया कामाला आहे, हिरवा शर्ट घालून. मी विचारलं, बाबांचं कुठलं? ती म्हणाली, ‘‘हे तिसरं. पण आता ते एका कोरियन जोडप्याचं आहे, दादा. बाबांचं पावसाळ्यात वाहून गेलं.’’ तिच्या आवाजात काही नव्हतं, कांदे संपले म्हणून सांगावं तसं म्हणाली. ‘‘सगळीच जातात. इथे लाट थेट लागते, इथे बखाव जातीची खारफुटी धरत नाही, हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. मी साहेबांनाही सांगितलं. ते म्हणाले, पाहुण्यांना खोलीतून दिसायला हवं.’’

मी म्हटलं, मग तू त्याच खड्ड्यात पुन्हा पुन्हा लावतेस? तर म्हणते, ‘‘लावायलाच ठेवलंय मला. जगली तर मी काय करू?’’ तिच्याजवळ एक बादली होती, जुन्या पाट्यांनी भरलेली. तिने तळाशी हात घालून बाबांची पाटी काढली. म्हणाली, ‘‘लग्नवाल्यांच्या फेकते. मेलेल्यांच्या फेकवत नाहीत.’’

मी तिथे चिखलात बसून हसलो, ताई. ज्या माणसाने चाळीस वर्षं शहरातल्या भट्ट्यांना खारफुटी तोडून घातली, त्याच्या नावाने खारफुटी. मांजराच्या स्मरणार्थ उंदीर पाळावा तसं. मग हसू थांबलं आणि मला तुझा राग आला. बाबांच्या वेळीही तू अशीच लांबून आलीस. फोन शवपेटीला टेकवून ठेवला होता, तो दोनदा घसरला, आणि दोन्ही वेळा तुझं रडणं बाबांच्या पायाशी जाऊन पडलं. उचलायला मी होतो.

ता. क. दुसरा. फोटोतलं झाड बाबांच्या झोपडीमागचं आहे. तेच मियापी जातीच्या खारफुटीचं, जे ते दर वर्षी बुंध्यापर्यंत तोडायचे आणि जे दर वर्षी फुटायचं. या वर्षी तोडायला कुणी नव्हतं, म्हणून एवढं दाट झालंय. पाटी मी त्याला बांधली. आणि एक. बाबा झोपेत गेले, कुणाचं नाव घेतलं नाही, असं मी तुला कळवलं होतं. ते मी रागाने लिहिलं. तीन दिवस ते एकच विचारत होते, पुरिंगची बोट लागली का. मी रोज सांगत होतो, उद्या लागेल.

तेव्हा हॉटेलं पाठवू नकोस. नोव्हेंबरात सगळे थडग्यावर मेणबत्त्या लावायला जमतात, तेव्हा ये. ‘उद्या लागेल’ हे माझं बोलणं खोटं पडून वर्ष झालं.

ता. क. तिसरा. क्लारिता सांगते, वाटेत जिथे मुक्काम करशील तिथल्या साबणाच्या छोट्या वड्या घेऊन ये. गल्लीत तिने सांगून ठेवलंय की साबण पुरिंगताईबरोबर येतोय.