कोशाच्या लुगड्याचं विमान

बाबा,

आज सकाळी आईने पुन्हा कोशाचं लुगडं मागितलं. आंघोळ करून ती पलंगावर बसली होती, मी तिचे केस विंचरत होते, आणि ती एकदम म्हणाली, "माझं कोशाचं लुगडं कुठी ठेवलं वं? लगनाले जायचं हाये न." लग्न कुणाचं, ते तिला ठाऊक नसतं. तिच्या डोक्यातून बरंच काही निघून गेलं आहे. गॅस कसा पेटवायचा, आज वार कोणता, मी तिची मुलगी की बहीण, सगळं गेलं. लुगडं मात्र तिथेच आहे. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी तिला खरं सांगितलं, की बाबांनी ते कापून विमानाला लावलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग अशी रडली, जशी कैची आत्ताच चालली. पुढे काही दिवसांनी तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं आणि ती पुन्हा तशीच रडली. तेव्हा मला कळलं की हे दुःख तिला दर वेळी नवं कोरं मिळणार आहे. आता मी म्हणते, "धुवायले देल्लं, आई." ती म्हणते, "बाहेरच दे. घरी नोको धुशीन, रंग इटते." आणि शांत होते.

ते कापलं त्या वेळी तिला रडू आलं नव्हतं. निदान आमच्यासमोर तरी नाही.

तुम्ही शाळेत चित्रकला आणि हस्तकला शिकवायचे, आणि घरी आल्यावर चहासुद्धा उभ्यानेच पिऊन समोरच्या खोलीतल्या टेबलाशी जायचे. साकोलीत तेव्हा असलं, घरी बनवून खरंच उडवायचं छोटं विमान कुणी पाहिलं नव्हतं. त्यासाठी बाल्साच्या हलक्या लाकडाचं पार्सल कलकत्त्याहून यायचं, आणि ते आलं की तुम्ही मला हाक मारायचे. दोन सारख्या पट्ट्या माझ्या दोन तळहातांवर ठेवून विचारायचे, "कोनती हलकी?" मी डोळे मिटून सांगायची. उत्तर बरोबर आलं की तुम्ही नुसते "हं" म्हणायचे, आणि त्या एका हुंकारावर माझा आठवडा निघायचा. टेबलावर विमानाचा नकाशा, नकाशावर तेलकट कागद, त्यावर टाचण्यांनी रोवलेल्या पंखाच्या बरगड्या. तुम्ही त्यांना बरगड्याच म्हणायचे. एकेक बरगडी पॉलिश पेपरने घासताना तुमची बोटं इतकी हळू चालायची की मी श्वास धरून बघत राहायची. तसल्या हाताने तुम्ही आम्हा दोघींना कधी शिवल्याचं मला आठवत नाही. आमच्या वाट्याला जो हात यायचा, तो वेगळा होता.

एक दिवस बरगडी पकडताना माझ्या बोटाचा जोर जास्त झाला आणि ती कट्कन तुटली. तुम्ही ओरडले नाही. "तुले डोये देल्ले काय देवानं?" एवढंच शांतपणे विचारलं. रात्री आईने ताटं वाढली. तुम्ही तुटलेले दोन तुकडे आणले आणि माझ्या ताटात, भाताच्या जागी, नीट जोडून ठेवले. "आज हेच खा. खाऊन पाय, लाकूड किती महाग लागते." मला वाटलं तुम्ही थट्टा करता. मी हसले. तुम्ही हसले नाही. आई भाताचं भांडं हातात धरून उभी होती, तिने वाढायला हात पुढे केला, तर तुम्ही म्हणाले, "तू बस." आणि ती बसली. मी ते तुकडे तोंडात घातले, बाबा. बाल्सा मऊ असतो, दातांना लागत नाही, नुसता भुसा होतो आणि टाळूला चिकटतो. तुम्ही तुमचं जेवण संपवलं, ताटात हात धुतला, आणि मला म्हणाले, "आता नवी बरगडी काप." मी पंधरा वर्षांची होते, मला ती कापता येत होती, आणि मी ती तुमच्यापेक्षा चांगली कापली. तेव्हाही तुम्ही "हं" म्हणाले, आणि मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

धान निघून गेलं होतं. दिघोरीला तुमच्या थोरल्या भावाच्या, मोठेबाबांच्या, धानाच्या बांध्या मोकळ्या झाल्या होत्या, आणि उन्हाळी धानासाठी पाणी सुटायच्या आत विमान उडवायचं, असं तुम्ही ठरवलं होतं. सगळ्या भावकीला निरोप गेला होता. इंजिन बसलं होतं, विमान दुरून चालवायचा रेडिओ नागपूरहून आला होता, फक्त पंखावर चढवायचं कापड पार्सलमध्ये ओलं होऊन चिकटून गेलं होतं. नवीन यायला वेळ लागणार होता. तुम्ही दोन दिवस कुणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी शाळेतून आले आणि आईला म्हणाले, "दिघोरीले जायचं हाये न. तुह्यं कोशाचं लुगडं काढ."

तिचा चेहरा मी अजून बघते आहे. ती स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत येते, खाली बसते, पलंगाखालची पेटी ओढते. वरचे कपडे बाजूला करते, कडुलिंबाचा वाळलेला पाला झटकते आणि ते कोशाच्या रेशमाचं करवतकाठी लुगडं दोन्ही हातांवर घेऊन उठते. मधासारखा रंग, लाल काठ, काठावर करवतीचे दाते. मोहाडीकडच्या तिच्या बाबांनी ते विणलं होतं. त्यानंतर त्यांची नजर गेली आणि माग बंद झाला. ती ते लग्नात नेसली, माझ्या बारशात नेसली, आणि मग माझ्यासाठी म्हणून ठेवून दिलं. जावांसमोर नेसायला तुम्ही आपणहून सांगता आहात, असं तिला वाटलं. "केस धुवा लागन उद्या," ती मला हळूच म्हणाली. तुम्ही सांगितलं, पलंगावर पसर. तिने पसरलं. घड्यांच्या रेघा तळहाताने सपाट केल्या, स्वतःच, डोक्यापासून पायापर्यंत. आणि तुम्ही टेबलावरची कैची घेतली.

"अवो, काय करून राहिले?" ती म्हणाली. तोवर मधून उभी चीर गेली होती. रेशीम फाटत नाही, कापताना फक्त एक कुजबुज होते. तुम्ही मान वर न करता म्हणाले, "पेटीत सडूनच राहिलं होतं न. आता कामी येऊन राहिलं."

पुढचं त्याहून वाईट होतं. कापड पंखावर बसेना. तुम्ही ओढायचे, सुरकुत्या पडायच्या, तुम्ही शिव्या द्यायचे, शेवटी तुम्ही ओरडले, "ये इकडे! विणकराची पोरगी होस न तू, आडवा-उभा धागा तुले समजते. लाव!" आणि तिने लावलं. ओलं करून, धाग्याच्या अंगाने ओढत, बरगड्यांवरून बोट फिरवत. कापड ताठ करणारं डोप नावाचं रोगण पातळ करून मी ब्रशने मारत होते, त्या वासाने डोकं गरगरत होतं. सकाळी कापड वाळून ढोलकीसारखं ताठ झालं होतं. तुम्ही त्यावर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "एक नंबर." तिच्याकडे नाही, माझ्याकडे.

एसटीत गर्दी होती. तुम्ही इंजिनाचा भाग घेऊन बसले होते, आणि एवढा लांब पंख आईच्या मांडीवर आडवा होता. ती सुती लुगड्यात होती. खड्डा आला की दोन्ही हातांनी तो वर उचलायची. शेजारची बाई विचारत होती, "काय होय बाई हे?" आई तुमच्याकडे मान वळवून म्हणाली, "याईचं सामान होय."

दिघोरीत सगळे बोडीच्या तळ्याकाठी, पाळीवर उभे होते. मोठेबाबा म्हणाले, "हे उडन काय रे खरंच?" तुम्ही खळ्यावर विमान ठेवलं, इंजिन सुरू केलं, एरंडीच्या तेलाचा जळका वास सुटला, आणि ते पळालं, आणि उडालं. बाबा, ते इतकं छान उडालं. बोडीवरून वळून आलं तेव्हा ऊन पंखातून आरपार गेलं, बरगड्या मोजता याव्यात इतकं स्वच्छ, आणि मागच्या कडेला लाल करवत. मी मनात म्हणत होते, पडू दे. पडू दे. काहीच झालं नाही. मोठेबाबांची बायको, मोठीआई, डोळ्यांवर हात धरून बघत होती, ती मोठ्याने म्हणाली, "अवं बाई, हे त् तुह्या लगनातल्या लुगड्याचे काठ होत न वं!" सगळ्या बाया आईकडे वळल्या. तुम्ही विमानावरची नजर न काढता ओरडले, "मंग! कोनाच्या बायकोचं लुगडं आभायात गेलं हाये काय आजवर?" पाळीवरचे सगळे हसले. पोरं टाळ्या पिटत होती. आईसुद्धा हसली. पदर तोंडाला लावून, मान खाली घालून, खांदे हलेस्तोवर हसली, आणि मोठीआई तिच्या पाठीवर थाप मारत होती.

घरी आल्यावर उरलेल्या तुकड्यांतला एक तुम्ही घडी करून तिच्या हातात दिला. "घे, बिलाऊज शिव." तुमच्या दृष्टीने ती भेट होती, असं मला आता वाटतं. तिने त्याची चहाची भांडी उतरवायची चिंधी केली. तुम्हाला ते कधी दिसलं नाही.

मग बरेच हिवाळे ते विमान उडालं, लोक बघायला आले, शाळेत तुमचा सत्कार झाला. इंजिन खराब झालं तेव्हा तुम्ही ते समोरच्या खोलीत, पलंगासमोरच्या आकड्याला टांगलं. माझं लग्न झालं, मी गोंदियाला गेले. मी काय नेसले, ते तुम्ही बघितलंही नसेल.

तुम्हाला लकवा मारला, तेव्हा उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. नागपूरच्या दवाखान्यातून तुम्हाला घरी आणलं, त्या पलंगावर निजवलं. आकडा होता, विमान नव्हतं. आईने ते सकाळीच उतरवून माळ्यावर टाकलं होतं. तुम्ही डावा हात उचलून आकड्याकडे बोट करायचे आणि "इ... इ..." असा आवाज काढायचे. आई लगेच यायची. "काय पाहिजे? पानी?" चमच्याने पाणी पाजायची. तुम्ही मान हलवायचे, पुन्हा बोट दाखवायचे. "पंखा लावू?" पंखा लावायची. तुमच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं आणि ती पदराने ते पुसायची, हळूच, गालावरून. मी रविवारी यायची तेव्हा हे बघायची. एकदा न राहवून मी स्वयंपाकघरात तिला म्हटलं, "आई, ते विमान मागून राहिले." ती तांदूळ निवडत होती. सुपातून खडा वेचून तिने बाजूला टाकला. "मले समजते," ती म्हणाली.

दोन वर्षं तिने तुमचं सगळं केलं. अंगाला एक जखम होऊ दिली नाही. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, असी सेवा कोनी करत नाही. दिवसातून कितीदा तुम्ही बोट दाखवलं, आणि कितीदा तुम्हाला पाणी मिळालं. तुम्ही गेले त्या दिवशीही तिने आधी पाणीच पाजलं. मोठेबाबा म्हणाले, त्याच्यासंग विमान ठेवा, त्याचा जीव होता त्याच्यात. आई म्हणाली, "विमान नाही आता." नंतर मी माळ्यावर चढून बघितलं. लाकूड वाळवीने खाल्लं होतं, हात लावला तर भुसा. वरचं कापड तेवढं पंखाचा आकार धरून होतं, तपकिरी, कडक. मी खाली आणून तिला दाखवलं. तिने काठावरून एक बोट फिरवलं आणि म्हणाली, "फेकून दे. अंगनात नोको, दूर."

त्याला आता खूप वर्षं झाली. मी नोकरीत बदली घेऊन साकोलीत परत आले ती तिच्यासाठी. हे मी लिहिते आहे ते तुम्हाला पोचावं म्हणून नाही. लिहून झालं की फाडून टाकणार आहे. वाचायला द्यायचं असतं तर तुम्ही त्या पलंगावर होते तेव्हाच दिलं असतं. डोळे तुमचे चांगले होते.

एक गोष्ट फक्त सांगायची राहिली. समोरच्या खोलीत तुमचा फोटो आहे. परवा आई त्याच्यासमोर उभी राहिली. "हा मानूस कोन होय वं?" मी म्हटलं, "बाबा होत. तुहे मालक." ती लाजून हसली, अगदी पोरीसारखी. "हट. माझं लगन कुठी झालं अजून." काल तिने पुन्हा विचारलं, आणि मी म्हटलं, "जुने भाडेकरू होते, आई. गेले सोडून." माझी जीभ अडखळली नाही. तिने फोटोकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाली, "मंग त्याईचा फोटो आपल्या घरी काहून लावून ठेवला?"

मी तिला सांगितलं, मागे भिंतीचा पोपडा निघाला आहे, तो झाकायला. "बरं," म्हणाली आणि आत गेली.

भिंत धड आहे, बाबा. मी फोटो काढून बघितलं होतं, आणि परत लावला.