एका बिस्किटाचा राग

दि. १४ मार्च

ती. ताईस सा. नमस्कार.

दुधाची पिशवी टांगायचा लाकडी स्टँड, खाली चाकं, आवाज नको म्हणून चाकांना रबर. नळी मुडपू नये म्हणून पितळी आकडा. पलंगापासून संडासापर्यंत भिंतीला कठडा, धाकटीच्या हाताला येईल एवढ्याच उंचीवर. सगळं या हातांनी केलं, कुठल्या कॉलेजात न जाता. दवाखान्यातले स्टँड डुगडुगतात. माझा पाहून नर्सबाई म्हणाल्या, "दादा, आम्हालाही एक द्या की करून!"

भाऊजींचा गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक.

ठीक म्हणजे, धाकटीची आतडी पुन्हा सुजली आहेत.

मागे डॉक्टरबाईंनी आठ आठवडे जेवण पूर्ण बंद ठेवून फक्त ते औषधी दूध दिलं होतं, नाकातल्या नळीने. सूज उतरली. पोरगी जिना धावत चढायला लागली. तेवढे दिवस आम्ही दोघं जिन्यात उभ्याने जेवलो, तिला वास नको म्हणून. आणि तू आलीस ती पर्समधून बिस्किट काढून मोकळी!

"एका बिस्किटाने काय होतंय रे, जेलर?"

मी तुला दार दाखवलं. दुखणं उलटलं तेव्हाही सगळ्यांना सांगत सुटलो, ताईचं बिस्किट.

परवा डॉक्टरबाईंनाही तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "बिस्किटाचं सोडा हो. दुधाने सूज उतरते. ती पुन्हा येऊ नये म्हणून इंजेक्शनं तेव्हाच लिहून दिली होती. का नाही घेतलीत?"

हिने माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या डुगडुगत्या स्टँडचा स्क्रू आवळत बसलो.

आतड्याचा एक तुकडा आता अरुंद झालाय. मंगळवारी तो कापून काढणार. मग इंजेक्शनं. दुकानातलं लेथ मशीन विकलं, खर्चाची सोय झाली आहे. तेव्हा पैशांसाठी लिहितोय असं मनातही आणू नकोस. धाकटी म्हणते, आत्याला बोलवा. ती म्हणते.

तुझा,
जेलर

ता. क. हिला अजून सांगितलेलं नाही. बिस्किटानंतरच्या आठवड्यात भाऊजी वर्षभराच्या इंजेक्शनांचे पैसे घेऊन दुकानात आले होते, तुझी एफडी मोडून. मी ते मोजले आणि जसेच्या तसे परत केले. साडेचार लाख. एक नोट कमी नव्हती.