नर्सबाई पुढे, घोडा मागे

दादा,

'प्रिय' लिहून खोडलं. आज तो शब्द तुझ्या नावामागे बघवत नाही. राग आला आहे म्हणू? राग परवडला. मला तुझी किळस आली आहे.

काल तुझी तेरवी झाली. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं, मला कळतं. पण बुंदी वाढून घेता घेता आणि बोटं चाटता चाटता लोक 'देवमाणूस होता पोरगा' म्हणत होते, तेव्हाच मला मळमळायला लागलं होतं. बावीस वर्षांचा पोरगा, काविळीने अकरा दिवसांत गेला, तो देवमाणूस कधी झाला? सकाळी उठायला तुला चार हाका माराव्या लागायच्या!

मग बाबा बोलले. त्यांच्या शिफ्टमधले सगळे भोवती बसले होते. बाबांनी पंच्याने डोळे पुसले आणि म्हणाले, "बारावीचं साल होतं त्याचं. तरी रोज सांजच्याले अभ्यास सोडून बहिणीले ग्राउंडवरून आणाले जात होता. असा भाऊ कोनाले भेटते?"

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या पत्रावळी तिथेच टाकल्या, मागच्या नळावर गेले आणि ओकले. आई पाठ चोळत राहिली. तिला वाटलं, दुःखाने झालं.

एक दिवस तरी आला होतास का रे मला आणायला? एक?

मी एकटी यायचे. सायकलच्या कॅरिअरला बास्केटबॉल बांधून, सहाला ग्राउंड, साडेसातला घर. आणि तू कोचिंग बुडवून बंटीच्या क्वार्टरमध्ये व्हिडिओ गेम खेळत बसलेला असायचास. बंटीच्या मामाने जहाजावरून आणलेली ती कॅसेट! राक्षस, जादूगार, तलवारी, किल्ले. अक्षरं जपानी की चिनी यावर तुम्हा दोघांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. तिसरी ओळ दाबली की औषध वाटलं जातं असं समजून महिनाभर तुम्ही फौजेची सगळी औषधं फेकून देत होता. आणि हे दोन विद्वान म्हणे इंजिनिअर होणार होते!

त्या खेळाची रीत मला अजून पाठ आहे. चौकटी-चौकटींचं मैदान. आधी आपली माणसं चालवायची, मग राक्षसांची पाळी. बुद्धिबळासारखंच, पण यात जो मेला तो मेला, पुढच्या लढाईतही परत येत नाही. आणि राक्षसांची खोड अशी, की समोर जो सगळ्यात कमजोर दिसेल त्याच्यावर तुटून पडायचं.

ही खोड तू ओळखलीस. तुमच्या फौजेत हातात काठी घेतलेली एक बाई होती, जखमी माणसाला बरं करणारी. तिला लढता येत नव्हतं. तुम्ही तिला नर्सबाई म्हणायचा. तू तिला मुद्दाम सगळ्यांच्या पुढे, एकटीला उभं करायचास. "अबे, इसको आगे रख, सब इसी को मारने आएँगे," असं बंटीला सांगायचास. राक्षस तिच्याकडे धावले की मागे लपवलेला तुझा लाडका घोडेस्वार बाहेर यायचा आणि एकेकाला कापायचा. नर्सबाई वाचली तर वाचली.

हीच अक्कल तू घरी वापरलीस.

कोचिंगचे सर बाबांना बाजारात भेटले, तो दिवस आठवतो? बाबा घरी आले ते पट्टा सोडतच. "महिनाभर कोचिंगले कावून नाई गेला?" मी बॉल काखेत धरून दारात उभी होते, नुकतीच आले होते. तू माझ्याकडे पाहिलंस. डोकं चालवतानाचा तुझा तो चेहरा मला चांगला ओळखता येतो. आणि म्हणालास, "शालूले आणाले जा लागते ना बाबा रोज. अंधार पडते. पोरं उभे राहतेत तिथं. कोचिंगले कवा जाऊ मी?"

पोरं उभे राहतेत! हे कुठून सुचलं तुला? बाबांच्या हातातला पट्टा खाली आला. त्यांनी मला मारलं नाही, ओरडलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "उद्यापासून ग्राउंड बंद. पोराचं साल वाया जाऊन राहिलं तुझ्यापायी."

आठ दिवसांवर जबलपूरचं शिबिर होतं, दादा. मध्य प्रदेशच्या टीमसाठी. आमच्या ग्राउंडवरच्या दोघींची निवड झाली होती, त्यातली एक मी. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम घरी आल्या, बाबांनी त्यांना चहा पाजला आणि हात जोडून नाही म्हटलं. तू आतल्या खोलीत गणित सोडवत होतास. त्या दिवशी तुझं गणितात फार लक्ष लागलं होतं नाही?

मी का नाही बोलले? तेवढा एक प्रश्न मी स्वतःलाही विचारते. पट्टा तुझ्यावर पडला असता म्हणून. उद्या दादा स्वतःच सांगेल म्हणून. तो उद्या चार वर्षं आला नाही.

पण खरी शिसारी कशाची येते सांगू? मी लाच खाल्ली. माझं ग्राउंड सुटल्यावर तू लायब्ररीचं नाव सांगून मला दर रविवारी बंटीकडे नेऊ लागलास. खेळाचा रिमोट माझ्या हातात दिलास. मुरमुरे आणि लोणच्याच्या तेलाने चिकट झालेला तो रिमोट, शी! बटण दाबलं की बोट सुटायचं नाही. आणि तरी मला तो खेळ आवडला! मी हसले, ओरडले, राक्षस मेला की टाळ्या वाजवल्या. ज्या खेळाने माझा खेळ गेला, तोच मांडी घालून खेळत बसले.

त्या साली भाऊबीजेला तुझ्याकडे ओवाळणी घालायला काही नव्हतं. तू म्हणालास, "माग, काय पाहिजे ते माग." निरांजन हातात होतं. बाबा मागे खुर्चीवर पेपर वाचत होते. 'बाबाले खरं सांग' हे चार हात अंतरावरच्या माणसाबद्दलचं वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. आणि मी काय मागितलं? "नर्सबाईले मरू देऊ नको."

तू हसलास. तबकावर हात ठेवून "कबूल" म्हणालास. आणि पुढच्याच रविवारी तिला पुन्हा पुढे उभं केलंस. मी रिमोट खाली ठेवला, पायी घरी आले आणि त्या खेळाला परत हात लावला नाही.

तू जगला असतास तर कदाचित मी हे सगळं विसरलेही असते. भावाबहिणीत असतं असं, म्हणून. पण आज सकाळी मॅडम भेटायला आल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "शालू, घरात कोंडून घेऊ नकोस. संध्याकाळी ग्राउंडवर ये, लहान मुलींना शिकव. मला माणूस हवंच आहे." मी बाबांकडे पाहिलं. बाबा तुझ्या फोटोकडे बघत म्हणाले, "दिवस बुडल्यावर कोन जाईन तिले आणाले? जाणारा तर गेला."

ऐकलंस? तू मेलास, तुझं खोटं नाही मेलं! ते अजून धडधाकट दारात उभं आहे आणि मला बाहेर जाऊ देत नाही.

दुपारी बाबा ड्युटीवर गेले. तेराव्याची रजा संपली होती. बंटीच्या वडिलांची बदली झाली तेव्हा त्याने तो सेट तुला देऊन टाकला होता, तो तुझ्या पलंगाखाली होता. मी तो भंगारात टाकायला काढला. टाकायच्या आधी एकदा टीव्हीला लावला. का, ते विचारू नकोस. रिमोट अजून चिकट आहे. मी तो ओल्या फडक्याने पुसला, तरी तुझ्या बोटांचा लोणच्याचा वास जाईना, आणि मग पुसणं थांबवलं.

तुझा जपून ठेवलेला शेवटचा डाव उघडला. फौजेची यादी समोर आली, एका ओळीत सगळ्यांचे चेहरे. नर्सबाई जिवंत होती! नुसती जिवंत नाही, सगळ्यांत ताकदवान झालेली, सगळी औषधं तिच्याजवळ. आणि घोडेस्वार नव्हता. मी यादी तीनदा वर-खाली केली. घोडा कुठेच नव्हता.

घोडा मेला की तू काय करायचास हे मला माहीत आहे. बटण बंद करून लढाई पहिल्यापासून सुरू करायचास, एकदा तर सलग नऊ वेळा. या वेळी केली नाहीस. तिच्यासाठी घोडा पुढे घातलास, तो मरू दिलास आणि तसाच डाव जपून ठेवलास. कधी? आजारी पडायच्या आधी? कुणालाही न सांगता?

मी रडले, खोटं का बोलू. थोडा वेळ वाटलं, झालं, फिटलं. आणि मग आधीपेक्षा जास्त घाण वाटलं. पडद्यावरच्या बाईसाठी घोडा मारायची हिंमत होती तुझ्यात! पलीकडच्या खोलीत बाबा बसलेले असायचे, पंधरा पावलांवर. तिथे जाऊन एक वाक्य बोलायला काय झालं होतं तुला? फार तर पट्टा बसला असता. पट्ट्याने माणूस मरत नाही, दादा.

नर्सबाईला तू वाचवलंस. मला कावून नाई?

तर ऐक आता. सेट भंगारात देणार नाही, तो पलंगाखालीच राहील. आणि बाबा रात्रीचे जेवायला बसायच्या आत त्यांना सांगणार आहे, की मला आणायला कधीच कुणी येत नव्हतं, मी एकटी येत होते, आणि मला काहीही झालं नाही. तू कुठे असायचास ते मी आपणहून सांगणार नाही. विचारलं, तर लपवणारही नाही. त्यांचा देवमाणूस जाईल, त्यांना त्रास होईल, मला कळतं. तो त्रास तुझा होता. तू ठेवून गेलास, म्हणून मी देते आहे.

वचन देते: उद्या सहाला ग्राउंड, साडेसातला घर. कॅरिअरला बॉल, आणि मागे कुणी नाही.

तुला कधीच आणावी न लागलेली,
शालू