नवाचं वर्ष आणि प्रकाशाचा वेग

२८ जून २०२३

आजपासून मी दोन वर्षांनी लहान! जन्मताच एक वर्षाचं धरायचं आणि नव्या सालाला सगळ्यांचं एक वाढवायचं, ही आपल्या देशाची जुनी मोजणी सरकारने बंद केली. काल एकोणऐंशी होतो, आज सत्त्याहत्तर. बायको म्हणाली, "अहो, दोन वर्षं फुकट मिळाली. आता तरी कुरकुर कमी करा."

आनंद झालाच. पण जेवताना तो नऊ आठवला. वयाच्या शेवटी नऊ आला की ते वर्ष वाईट, त्यात नवं काही सुरू करायचं नाही. वडील एकोणसाठाव्या वर्षी गेले, बैल घेतला त्या वर्षी. थोरला भाऊ एकोणसत्तराव्या, घराचा पाया घातला तेव्हा. माझं नवाचं वर्ष अर्धं निभावलं होतं. ते आता सुटलं, की दोन वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून?

विचारायचं तरी कोणाला!

५ जुलै

शिकायचं राहिलेल्या मोठ्यांच्या शाळेत शेवटच्या वर्गात भौतिकशास्त्र घेणारे आम्ही दोघंच — मी आणि मासळीवाली पिलसुक. आज गुरुत्वाकर्षण. वीस मीटर उंचीवरून अख्खं कौल आणि अर्धं कौल एकदम सोडलं. आधी कोणतं पोचेल?

देगू शहरातली निम्मी छपरं मी शाकारली. मला पडण्याबद्दल काय शिकवणार! ठसक्यात लिहिलं — अख्खं.

चूक! प्यो बाई म्हणाल्या, "मिन आजोबा, हवा सोडून द्या. दोन्ही बरोबरच पोचतात."

पिलसुक फिदीफिदी हसली. "जन्म छपरावर गेला, दादा, पण खाली कधी बघितलंच नाही म्हणायचं!"

घरी येऊन गच्चीवरून दोन्ही सोडून बघितली. एकच आवाज आला. आणि मग बायकोचा. मिरचीच्या दोन कुंड्या फुटल्या.

६ जुलै

वीस मीटरला किती वेळ? दोन सेकंद. मीच काढलं, कोणी सांगितलं नाही. तीनदा ताळा केला. दोन सेकंदच. दिवसभर बरं वाटलं.

२२ ऑगस्ट

प्रकाश. धावत्या गाडीतून दगड पुढे फेकला तर गाडीचा वेग दगडाला मिळतो. हे पटतं. पण धावत्या गाडीतून बॅटरी लावली तर प्रकाशाला काहीच जास्त मिळत नाही! उभा असलेला मोजो, पळणारा मोजो — वेग तोच.

"म्हणजे बॅटरी घेऊन पळणारा येडाच की," पिलसुक म्हणाली.

बाई म्हणाल्या, "हो, आणि हेच खरं धरलं तर पुढची गंमत कळते. कोणाचंच घड्याळ सगळ्यांचं नसतं."

मला काही कळलं नाही. पण वाक्य सोडवत नाही.

३० ऑगस्ट

नोव्हेंबरच्या मोठ्या परीक्षेला, कॉलेज-प्रवेशाच्या, बसायचं की नाही? अर्जाची मुदत संपत आली. पिलसुकने भरला.

वहिनीचा फोन आला. भाऊ गेल्यापासून ती फार धास्तावते. "भावजी, सरकारचं सरकारपाशी. यमाच्या घरी जुनीच मोजणी चालते. यंदा नवं काही काढू नका. पुढच्या साली बसा ना, परीक्षा कुठे पळून जाते?"

पुढच्या साली डोळे असतील? डोकं? शाळेत जायची हौस साठ वर्षं दाबली. आता कागदावर नाव लिहायचं तर उद्या बघू म्हणतो.

बायकोला विचारलं. ती लसूण सोलत होती. "बसा," एवढंच म्हणाली.

"तुला भीती नाही वाटत?"

"लसूण सोला."

४ सप्टेंबर

अवकाशयानाचं गणित. प्रकाशाच्या आठ-दशांश वेगाने यान गेलं आणि परत आलं. पृथ्वीवर दहा वर्षं झाली. यानातल्या माणसाची किती? आधी आठ लिहिलं. खोडलं. वर्ग, वजाबाकी, वर्गमूळ... सहा! सहाच. बाईंनी मोठा लाल गोल काढला. बरोबर!

मग न राहवून विचारलं — बाई, परतलेल्या माणसाचं खरं वय कोणतं? त्या म्हणाल्या, "ज्याचं घड्याळ त्याला खरं. दोन्ही खरी."

घरी येताना वाटेतच अर्ज भरला. सत्त्याहत्तर खरं आणि एकोणऐंशीही खरं. मग एकालाच घाबरून कसं चालेल?

वहिनीला सांगितलेलं नाही.

१९ ऑक्टोबर

छातीत धडधड. डॉक्टर म्हणाला काही नाही. बायको म्हणाली, "बघा, नवाला तुम्ही आवडत नाही." दुपारी सराव परीक्षा — वीसपैकी सहा. पिलसुकला पाच! खुशीत भाजलेलं रताळं घेऊन आलो.

१५ नोव्हेंबर

पिलसुकने चिकट तांदळाचा गोड वडा दिला. "खा दादा, बाकाला चिकटून बसाल. मध्येच उठून पळालात तर मी एकटी पडेन." उद्या. पेन्सिलींना टोक केलं. पुन्हा केलं. परीक्षेपेक्षा हे वर्ष संपेपर्यंतचे दिवस जास्त मोठे वाटतात.

१६ नोव्हेंबर, सकाळ

निघण्याआधी चार ओळी. बूट घालताना नाडी दोनदा सुटली. ही खाली बसली, नाडी बांधत म्हणाली, "अहो, मी तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान नाही, एका वर्षाने मोठी आहे. आधीची दोन भावंडं तान्हेपणीच गेली, म्हणून बाबांनी माझं नाव तीन वर्षं नोंदवलंच नाही — जगते का बघू म्हणाले. लग्नाच्या वेळी कोणी बोललं नाही, मग राहूनच गेलं. माझं नवाचं वर्ष गेल्या साली झालं."

मी बोटांवर वर्षं मोजली — गेल्या साली एकोणऐंशी. विचारलं, "एकटीने काढलंस? भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण तुमचा अभ्यास चालला होता."